नोकरीच्या अटी बदलणारं पत्र आलं तर काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल-मे आला की इन्क्रिमेंटच्या पत्रासोबत 'सुधारित अटी व शर्ती' नावाचा पंधरा-वीस पानांचा कागद येतो आणि लोक शेवटच्या पानावर सही करून मोकळे होतात. पगार किती वाढला एवढंच पाहिलं जातं. नोटीस पिरियड तीन महिन्यांचा झाला, पगाराचा चौथा हिस्सा 'व्हेरिएबल'मध्ये, म्हणजे कामगिरीवर अवलंबून असलेल्या रकमेत गेला, हे कळायला वर्ष जातं. पुणे-मुंबईच्या ऑफिसांतून आणि चाकण-रांजणगावच्या कारखान्यांतून हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहिली आहेत. सगळी माहिती भारतातल्या, विशेषतः महाराष्ट्रातल्या खासगी नोकरीपुरती आहे. सरकारी नोकरांचे सेवानियम वेगळे असतात.

कंपनी मला न विचारता अटी बदलू शकते का?

नेमणूक पत्र हा करार आहे. तो बदलायचा तर दोघांची संमती लागते, असं १८७२चा भारतीय करार कायदा सांगतो. पण तुमचं जुनं पत्र काढून वाचा. 'कंपनी आपली धोरणे वेळोवेळी बदलू शकेल व ती कर्मचाऱ्यावर बंधनकारक राहतील' असं वाक्य त्यात बहुधा सापडेल. हजेरीची पद्धत, प्रवासखर्चाचे दर, लॅपटॉप वापरायचे नियम असल्या गोष्टी या वाक्याच्या आधाराने बदलता येतात. ठरलेला पगार, हुद्दा, कायम नोकरीचं स्वरूप हा मात्र कराराचा गाभा आहे. 'आम्ही धोरण बदललं' एवढं सांगून त्याला हात लावता येत नाही. एचआर पुष्कळदा दोन्ही गोष्टी एकाच पत्रात मिसळून पाठवतं. त्या वेगळ्या करणं हे तुमचं पहिलं काम.

'आज संध्याकाळपर्यंत सही करून द्या' म्हणतात. काय करू?

सही करू नका. भांडूही नका. 'पत्र मिळालं. वाचून, समजून घेऊन उत्तर देण्यासाठी मला सात दिवस हवेत' एवढा ई-मेल पाठवा. तोंडी सांगू नका, ई-मेलच करा. आजच्या आज सही झाली नाही म्हणून आभाळ कोसळल्याचं मी पाहिलेलं नाही. घाई बहुतेक वेळा एचआरला वरून मिळालेल्या मुदतीची असते. पोच म्हणून सही मागत असतील तर 'फक्त मिळाले, मजकुरास संमती नाही' असं हाताने लिहून खाली तारीख घाला आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा.

सही केली नाही, नकारही दिला नाही. गप्प राहिलं तर?

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. लोकांना वाटतं, सही नाही म्हणजे बंधन नाही. पण नवा पगार तीन-चार महिने खात्यात येत राहिला, तुम्ही नव्या वेळेत काम करत राहिलात आणि कुठेच हरकत नोंदवली नाही, तर तुमच्या वागण्यावरून तुम्ही बदल मान्य केला असं कंपनी म्हणू शकते. ते म्हणणं ग्राह्यही धरलं जाऊ शकतं. काम थांबवायची गरज नाही, किंबहुना थांबवू नकाच. काम करत राहा आणि लेखी कळवा की काम सुरू आहे याचा अर्थ बदल मान्य आहे असा नाही. दर महिन्याला नवं पत्र लिहायला नको. पहिला कमी पगार जमा झाल्यावर एकदा आणि वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी एकदा, एवढं पुरतं.

पोर्टलवर 'अॅक्सेप्ट' दाबलं. ती सही धरतात का?

हो. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या कलम १०-अ प्रमाणे, केवळ इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला म्हणून करार अवैध ठरत नाही. अॅक्सेप्ट केल्याशिवाय हजेरीची स्क्रीनच उघडत नसेल तर त्या अडथळ्याचा स्क्रीनशॉट घ्या. मग 'काम सुरू ठेवण्यासाठी बटण दाबावं लागलं, मजकुरास संमती नाही' असा मेल त्याच दिवशी पाठवा. आठवड्याने पाठवलेल्या मेलला तेवढं वजन राहत नाही.

२१ दिवसांची नोटीस म्हणतात ती काय?

कारखान्यातल्या आणि कारकुनी, तांत्रिक कामांतल्या लोकांसाठी हे मोठं संरक्षण आहे. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात ते कलम ९-अ मध्ये होतं. २१ नोव्हेंबर २०२५पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू झाल्या आणि तीच तरतूद औद्योगिक संबंध संहितेच्या कलम ४०मध्ये आली. पगार आणि तो देण्याची पद्धत, भत्ते, पीएफमधला वाटा, कामाचे तास व विश्रांती, पगारी रजा, पाळ्या, श्रेणी, शिस्तीचे नवे नियम, वर्षानुवर्षं चालत आलेली सवलत काढून घेणं, असे विषय संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीत आहेत. यांतला बदल ज्या कामगारांना बाधणार आहे, त्यांना आधी नोटीस द्यावी लागते आणि २१ दिवस उलटल्याशिवाय बदल लागू करता येत नाही. युनियनशी झालेल्या करारानुसार बदल होत असेल, तर मात्र ही वेगळी नोटीस लागत नाही.

'चालत आलेली सवलत' हे शब्द नीट लक्षात ठेवा. कॅन्टीनचं सवलतीतलं जेवण, कंपनीची बस, दिवाळीला ठरलेली रक्कम या गोष्टी पत्रात लिहिलेल्या नसल्या तरी अनेक वर्षं सलग मिळत असतील, तर त्या या यादीत बसू शकतात. एका कारखान्यात बसचे थांबे निम्म्यावर आणले. कामगारांनी पाच वर्षांपूर्वीपासूनची बसची वेळापत्रकं गोळा करून दाखवली, तेव्हा कुठे व्यवस्थापन बोलणीला बसलं.

आणि एक गोष्ट स्पष्ट असू द्या. २१ दिवस संपले म्हणजे तुमची संमती मिळाली असं होत नाही. हा वेळ हरकत घ्यायला, चर्चेला आणि वाद समेट अधिकाऱ्यापर्यंत (मालक-कामगार वादात तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी) न्यायला दिलेला असतो. नोटीस फलकावर लागली की त्याच आठवड्यात हालचाल करा.

मी 'कामगार' आहे की नाही हे कसं ओळखायचं?

व्हिजिटिंग कार्डावर काय छापलंय यावर ते ठरत नाही. तुम्ही मुख्यतः काय काम करता यावर ठरतं. हाताचं, कुशल, तांत्रिक, कारकुनी काम असेल तर तुम्ही कामगार, मग हुद्दा 'असिस्टंट मॅनेजर' का असेना. देखरेखीचं काम असेल तर पगाराची मर्यादा आहे. संहितेत ती महिना १८,००० रुपये केली आहे, त्यावरचे पर्यवेक्षक व्याख्येबाहेर. व्यवस्थापकीय आणि प्रशासकीय कामं करणारेही बाहेर. तुम्हाला कुणाची रजा मंजूर करता येते का, कुणाला नेमता किंवा काढता येतं का, हे स्वतःला विचारा. दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर कार्डावरचा 'मॅनेजर' हा शब्द फारसा आडवा येऊ नये.

'नव्या कायद्यामुळे' बेसिक वाढवलं आणि हातातला पगार कमी झाला. हे बरोबर आहे का?

अर्धं बरोबर आहे. नव्या संहितांमध्ये 'वेतन' या शब्दाची एकच व्याख्या झाली. या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरची रक्कम वेतनात धरली जाते. म्हणून कंपन्या बेसिक, म्हणजे मूळ पगार, वाढवत आहेत. आता आकडे मांडून पाहू.

समजा महिन्याचे ६०,००० आहेत आणि बेसिक १८,००० होतं, ते ३०,००० केलं. पीएफ पूर्ण बेसिकवर १२ टक्क्यांनी कापत असतील, तर तुमचा वाटा २,१६० वरून ३,६०० होईल, म्हणजे १,४४० रुपये जास्त. कंपनीचा वाटाही सीटीसीत (कंपनी तुमच्यावर करते त्या एकूण खर्चात) मोजलेला असेल तर तिथूनही तेवढेच जातील. एकूण २,८८० रुपये हातात कमी येतील. ते पैसे बुडत नाहीत, पीएफ खात्यात जमा होतात. शिवाय ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना सेवेच्या वर्षांवर मिळणारी रक्कम, वाढते. दहा वर्षांच्या नोकरीला १८,००० वर ती सुमारे १ लाख ४ हजार होते, ३०,००० वर सुमारे १ लाख ७३ हजार.

पण पीएफ कायद्याने सक्तीचा आहे तो १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेपर्यंतच, म्हणजे महिना १,८०० रुपये. तुमची कपात आधीपासून तेवढीच असेल, तर नुसती व्याख्या बदलल्यामुळे हातातला पगार कमी व्हायला नको. म्हणून एचआरला विचारा: पीएफ पूर्ण बेसिकवर कापणार की मर्यादेवर? ग्रॅच्युइटीची तरतूद सीटीसीतून वजा केली आहे का? आधीच्या आणि नंतरच्या महिन्याचा तक्ता शेजारी शेजारी मांडून द्याल का? कायद्याचं नाव सांगून सीटीसीच कमी केला असेल, तर त्याला संहितेत आधार नाही.

पगार तेवढाच ठेवून व्हेरिएबल १० टक्क्यांवरून २५ टक्के करतायत.

मग पगार तेवढाच राहत नाही. खात्रीच्या पैशातला एक भाग आशेवर ठेवला जातो, आणि माझ्या मते ही पगारकपातच आहे. तसंच समजून बोलणी करा. उद्दिष्ट कोण ठरवणार, वर्षाच्या मध्ये ते बदललं तर काय, कंपनीचा नफा घटला तर तुमचं काम चांगलं असूनही रक्कम कापणार का, गेल्या तीन वर्षांत लोकांना सरासरी किती टक्के मिळाले, हे विचारा. आणि एक ओळ नक्की शोधा: 'रक्कम देण्याच्या तारखेला कर्मचारी सेवेत असला पाहिजे.' त्या ओळीमुळे मार्चपर्यंत राबून मेमध्ये नोकरी सोडणाऱ्याचे वर्षभराचे पैसे जातात. तिच्या जागी 'सेवेत असलेल्या काळाच्या प्रमाणात' असे शब्द मागा. कंपन्या ही मागणी अनेकदा मान्य करतात, कारण ती कुणी करतच नाही.

नोटीस पिरियड ३० दिवसांवरून ९० दिवस केला. मान्य करावा का?

दोन्ही बाजूंना सारखा आहे का, ते पाहा. तुम्ही सोडलं तर ९० दिवस आणि त्यांनी काढलं तर ३०, हे मान्य करू नका. ९० दिवस मान्य करायचेच असतील तर उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटण्याचा पर्याय तुमच्या हातात असल्याचं पत्रात लिहून घ्या. 'कंपनीच्या मर्जीने' असं लिहिलेलं असेल तर तो पर्याय तुमचा नाही. नवी कंपनी तीन महिने थांबत नाही, हे एचआरलाही चांगलं ठाऊक असतं.

ट्रेनिंगच्या नावाखाली बाँड लिहून मागतात.

बाँड कायद्याला चालत नाही, असं अनेकांना वाटतं. ते खरं नाही. मे २०२५मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. तिथे सार्वजनिक बँकेची खुली भरतीप्रक्रिया आणि तिच्यावरचा खर्च न्यायालयाने विचारात घेतला होता. तुमच्या बाबतीत प्रत्यक्ष कोणतं ट्रेनिंग होणार, त्याचा खर्च किती, हे लिहून मागा. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे ठरलेला आकडा ही वरची मर्यादा असते, त्याच्या आत वाजवी भरपाई मिळते. दोन दिवसांच्या ओरिएंटेशनसाठी ५ लाख मागणं टिकवणं कंपनीला जड जाईल. कोरा चेक आणि मूळ प्रमाणपत्रं मात्र कुठल्याही परिस्थितीत देऊ नका.

'सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जाणार नाही' या अटीचं काय?

करार कायद्याच्या कलम २७ मुळे नोकरी संपल्यानंतरची अशी मनाई आपल्याकडे सहसा टिकत नाही. नोकरीत असताना दुसरीकडे काम न करण्याची अट टिकते. गोपनीय माहिती, ग्राहकांच्या याद्या, डिझाइन नेऊ नये ही अटही टिकते आणि ती पाळायलाच हवी. याच भागात 'सेवाकाळात केलेली सर्व निर्मिती कंपनीची' असं वाक्य येतं. तुम्ही रात्री घरी स्वतःचं अॅप बनवत असाल किंवा लेखन करत असाल, तर 'नोकरीच्या कामाच्या ओघात केलेली' एवढे शब्द त्यात घालून घ्या.

बदलीची अट नव्याने घातली आहे.

जुन्या पत्रात ती असेल तर फार वाद घालता येत नाही. नसेल तर हा नवा बोजा आहे. बदलीचा खर्च, राहण्याची सोय, किती दिवस आधी कळवणार हे मागून घ्या. सूडबुद्धीने, 'धोरण' म्हणून केलेली बदली ही महाराष्ट्रात १९७१च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याखाली तक्रारीचा विषय आहे. तक्रार ९० दिवसांत करावी लागते.

सगळ्यांना दुसऱ्या कंपनीच्या पेरोलवर टाकतायत. 'काम तेच, जागा तीच, फक्त सही करा' म्हणतात.

या पानावरचा हा सगळ्यात गंभीर प्रश्न आहे. मालक बदलतोय, आणि तुमच्या संमतीशिवाय तुमचा मालक बदलता येत नाही. कागदांचा गठ्ठा येतो त्यात बहुधा तीन गोष्टी असतात: जुन्या कंपनीचा राजीनामा, 'माझं काहीही येणं बाकी नाही' असं लिहिलेली पावती आणि नव्या कंपनीचं नेमणूक पत्र. राजीनाम्यावर सही झाली की बारा वर्षांची नोकरी शून्यावर येते. ग्रॅच्युइटीची वर्षं, रजा, नोकरकपात झाली तर मिळायची भरपाई, सगळी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

धंदा खरोखर दुसऱ्याकडे जात असेल तर कायद्याने कामगारांसाठी वाट आखून दिली आहे. सेवा अखंड धरली जावी, अटी आधीपेक्षा कमी नसाव्यात आणि पुढे नोकरकपात झाली तर नव्या मालकाने जुनी वर्षंही मोजून भरपाई द्यावी. यांतलं काही नसेल तर जुन्या मालकाने नोकरकपातीची नोटीस आणि भरपाई द्यायची. म्हणून राजीनाम्याला नकार द्या आणि तिन्ही पक्षांच्या सह्यांचं पत्र मागा. त्यात मूळ रुजू तारीख, सेवा अखंड असल्याचं वाक्य आणि ग्रॅच्युइटी कोण देणार हे असलंच पाहिजे. हा प्रश्न एकट्याने सोडवू नका. ज्यांना ज्यांना पत्र आलंय त्या सगळ्यांचं उत्तर एकाच मजकुराचं जाऊ द्या.

बाळंतपणाच्या रजेवर असताना हुद्दा आणि पगार बदलल्याचा मेल आला.

हे बेकायदेशीर आहे. त्या रजेच्या काळात कर्मचारी स्त्रीचं नुकसान होईल असा सेवाशर्तींतला बदल मालकाला करता येत नाही. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात हे होतं आणि सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. 'व्यवस्थापकीय' पदांनाही हा नियम लागू आहे. रजेवर असतानाच, मेल मिळताच उत्तर द्या. परत रुजू होईपर्यंत थांबू नका.

कामाचे तास वाढवता येतात का?

दुकानं आणि ऑफिसांसाठी महाराष्ट्रात दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा होती. २०२५मध्ये राज्य सरकारने २० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी ती दिवसाला १० तास करायचं ठरवलं. मर्यादेवरच्या कामाला दुप्पट दर आहे. 'एकत्रित पगारात ओव्हरटाइम धरलेला आहे' हे वाक्य कामगारांना लागू होत नाही.

वाद झाला तर फक्त मुंबईच्या कोर्टात, अशी अट आहे. मी नागपूरला राहतो.

एप्रिल २०२५मध्ये एचडीएफसी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खासगी नोकरीच्या करारातली अशी अट वैध मानली. म्हणजे सही करण्याआधीच ती खोडून घ्यायला हवी. नंतर तक्रार करून फारसा उपयोग नाही.

उत्तर नेमकं कसं लिहू?

थोडक्यात, कलमवार आणि राग बाजूला ठेवून. इंग्रजीत लिहिलं तरी चालेल, पण सांगाडा असा ठेवा:

'दि. … चे आपले पत्र मिळाले. कलम २, ३ व ५ मधील बदल मला मान्य आहेत. कलम ४ (नोटीस कालावधी) व कलम ७ (परिवर्तनीय वेतन) यांना माझी संमती नाही. कलम ४ बाबत ४५ दिवसांचा, दोन्ही पक्षांना समान कालावधी मी सुचवतो/सुचवते. कलम ७ बाबत गणनेची पद्धत लेखी मिळावी. तोपर्यंत माझ्या दि. … च्या नेमणूक पत्रातील अटी लागू राहतील असे मी समजतो/समजते. मी माझे काम नेहमीप्रमाणे करीत आहे. त्याचा अर्थ वरील बदलांना मान्यता असा घेऊ नये.'

काय मान्य आहे ते आधी लिहिल्याने तुम्ही अडवणूक करत नाही हे दिसतं आणि बोलणी पुढे सरकतात. यानंतर मीटिंग झाली तर त्याच दिवशी 'आज आपण असं असं बोललो' असा मेल टाका. स्वतःचं नेमणूक पत्र, सॅलरी स्लिप, फॉर्म १६, पीएफ पासबुक आणि हा सगळा पत्रव्यवहार घरच्या ई-मेलवर किंवा छापून ठेवा. कंपनीच्या कामाच्या फाइल्स मात्र स्वतःकडे पाठवू नका. त्या एका चुकीमुळे तुमच्याविरुद्धच शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

सही नाही केली तर काढतील का? 'राजीनामा द्या' म्हणाले तर?

धोका आहे, तो नाही असं मी सांगणार नाही. कामगार असाल आणि वर्षभरात २४० दिवस भरले असतील, तर नोकरकपातीसाठी एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचं वेतन द्यावं लागतं. व्यवस्थापकीय पदावर असाल तर संरक्षण बरंच कमी आहे. न्यायालय खासगी कंपनीला तुम्हाला परत घ्यायला सहसा सांगत नाही, मिळालीच तर नोटिशीच्या काळापुरती भरपाई मिळते. अशा वेळी ताकद बोलणीतच असते, म्हणून एकाच मुद्द्यावर अडा आणि बाकीचे सोडा.

राजीनामा मात्र रागाच्या किंवा भीतीच्या भरात कधीच लिहून देऊ नका. तो दिला की कागदोपत्री तुम्ही स्वतःहून गेलात. खोलीत बसवून लिहून घेतलाच, तर बाहेर पडल्याबरोबर 'दबावाखाली लिहून घेतला, मागे घेत आहे' असा मेल पाठवा. स्वीकारला जाण्याआधी राजीनामा मागे घेता येतो. नोकरी संपलीच, तर वेतन संहितेनुसार थकलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत आणि ग्रॅच्युइटी लागू असेल तर ती ३० दिवसांत मिळायला हवी.

तक्रार कुठे करायची?

कामगार असाल तर आधी कंपनीतली तक्रार निवारण समिती. २० किंवा अधिक कामगार असतील तिथे ती असायलाच हवी, आणि तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी निम्मे असतात. युनियन असेल तर प्रतिनिधीला पहिल्याच दिवशी पत्र दाखवा. युनियनने आधीच करारावर सही केलेली असली तर तुमची वेगळी हरकत फार पुढे जात नाही. पुढची पायरी म्हणजे जिल्ह्याच्या कामगार उपायुक्त किंवा सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय. तिथे साध्या कागदावरचा अर्जही चालतो आणि वकील लागत नाही. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊनच बाहेर पडा. समेटाची बोलणी सुरू झाली की त्या वादाच्या विषयातल्या अटी मालकाला परस्पर बदलता येत नाहीत.

वकिलाकडे जायचं तर सही करण्याआधी जा, आणि जुनं पत्र व नवं पत्र दोन्ही सोबत न्या.